तीन गडवे पाक

त्या वर्षी आमच्या घरात बोलणारं माणूस एकच उरलं होतं, आणि ते मी होते. बाबांची वाचा गेली होती. आई मुळातच कमी बोलायची, आणि कामावरून आल्यावर तर तेवढंही नाही. मी मात्र कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते, गणित घेतलं होतं, आणि जगातली बहुतेक माणसं आपल्यापेक्षा कमी शिकलेली आहेत हे मला नुकतंच कळलं होतं. आता माझ्या कानामागचे केस पांढरे झालेत. माझी मुलगी मला तसंच शहाणपण शिकवत असते आणि मी मुकाट्यानं ऐकून घेते, कारण तिला अडवायला गेलं की मला त्या वयातली मी दिसते. ती काही फारशी आवडण्यासारखी मुलगी नव्हती.

आमच्या भाड्याच्या दोन खोल्या छत्तीसगढात, दुर्गच्या रेल्वे लाइनीला अगदी लागून होत्या. मालगाडी जाऊ लागली की फळीवरची भांडी एकमेकांना लागून किणकिणत राहत, आणि गाडी संपल्यावरही थोडा वेळ त्यांचं चालूच असे. खिडकीपाशी बाबांची खाट होती. गाडी आली की ते डाव्या हाताचं बोट उचलून वॅगनी मोजायचे. बाबा रेल्वेतले नव्हते, रेल्वेच्या कडेचे होते. सायडिंगवर एका ठेकेदाराचा वजनकाटा होता, तिथे ते बाबू होते. भरलेली वॅगन काट्यावर यायची, तिचं वजन घ्यायचं, तिच्या अंगावर रंगवलेलं रिकाम्या वॅगनचं वजन त्यातून वजा करायचं आणि राहिलेलं मालाचं म्हणून लिहायचं. एवढंच काम, पण ते त्यांनी अशा इमानानं केलं की बाजारात कोणी भाजी तोलताना पारड्याला बोट लावलं तरी त्यांचा दिवस खराब व्हायचा. एका सकाळी ते त्या काट्यावरच कोसळले. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. ठेकेदारानं फळांची टोपली पाठवली आणि काट्यावर दुसरा माणूस बसवला.

तेव्हापासून घर आईवर चाललं होतं. ती कुम्हारीला एका लहानशा मिठाईच्या कारखान्यात पाकावर होती. तिथे डब्यातून विकायचे बुंदीचे लाडू व्हायचे. सकाळी सहाच्या बसला जायची. जाण्याआधी आम्ही तिघं बासी खायचो, म्हणजे रात्रीचा भात पाण्यात भिजवून सकाळी मीठ-कांद्यासोबत खायचा. हे आम्ही शेजारणीकडून शिकलो होतो. मूळ गावच्या, तिरोड्याकडच्या आमच्या लोकांना कोणी सांगितलं असतं तर त्यांनी नाकं मुरडली असती. आई बाबांना भरवून, त्यांचं तोंड पुसून, गडवा टॉवेलात गुंडाळून निघायची. गडवा म्हणजे आमच्याकडचा पितळी तांब्या. हा तिच्या माहेरचा होता, काठाला एक पोचा आलेला. कारखान्यात पाक मोजायचा तो त्यानंच. आधी उकळत्या पाण्यानं गडवा विसळायचा, म्हणजे पाक आत चिकटत नाही, मग काठोकाठ भरायचा, ओतल्यावर तीनदा झटकायचा. एका घमेल्याच्या, म्हणजे पाच किलो, बुंदीला तीन गडवे पाक. पाक झाला की नाही ते अंगठा आणि बोट यांच्यात तार ओढून बघायचं. तिच्या त्या दोन बोटांची कातडी इतकी जाड झाली होती की माझ्या गालाला लागली तर ओरखडा उठायचा. संध्याकाळी ती आली की तिच्या साडीला साखरेचा जळका वास असायचा आणि माश्या तिच्यामागे घरापर्यंत यायच्या.

बाबा पडले तेव्हा ती आठ दिवस कामावर गेली नाही, आणि तिथूनच सगळं सुरू झालं. त्या आठ दिवसांत दुसऱ्या बायकांनी दुसऱ्या भांड्यानं पाक घातला. कधी लाडू दगडासारखे झाले, कधी डब्यात पाझरले, आणि माल परत आला. आई परत गेल्यावर लाडू पुन्हा नीट झाले, पण तोवर मालकांच्या मनात बसलं होतं की एका बाईच्या हातावर कारखाना चालवणं बरं नव्हे. त्यांनी एक मोठा इलेक्ट्रॉनिक काटा आणला. आणि सुपरवायझर दुबेजींनी आईला बोलावून सांगितलं. ते माणूस म्हणून वाईट नव्हते, हे मी मुद्दाम लिहून ठेवते.

"देखो मराठिन बाई, हाथ आपका अच्छा है," ते म्हणाले होते, "पर हाथ को डिब्बे में भरके तो नहीं भेज सकते ना. लोटा-वोटा अब नहीं चलेगा. सब किलो-ग्राम में लिखवा के लाओ. सोमवार को कागज़ देखके दूसरी औरतें माल बनाएँगी, आप हाथ नहीं लगाओगी. बन गया तो आप हेड बनके यहीं रहोगी. नहीं बना तो सेठ ने रायपुर के हलवाई से बात करके रखी है."

आईनं हे घरी येऊन सांगितलं ते चुलीकडे तोंड करून. तिला अक्षरं कशीबशी लावता यायची, आकडे त्याहून कमी. हे काम गेलं तर पुढे काय, हे आम्हा तिघांनाही माहीत होतं. मोठ्या काकांचं पत्र येऊन पडलं होतं. त्यात लिहिलं होतं की तुम्ही या, गोठ्याजवळची खोली रिकामी करून ठेवतो. त्या खोलीत मी लहानपणी एकदा झोपले होते. तिला खिडकी नव्हती. बाबांना तिथे नुसतं छताकडे बघत पडून राहावं लागलं असतं, आणि माझं कॉलेज तर त्याच दिवशी संपलं असतं. काकू आम्हाला जेवायला वाढताना कशी भांडी आपटायची ते आठवून मला रात्री झोप लागत नव्हती. तरी मी आईला छाती ठोकून सांगितलं, "हे काम माझ्यावर सोड."

रविवारी दुपारी मी वही घेऊन बसले. बाबांना उशीला टेकवून बसवलं होतं. आई उंबऱ्यात तांदूळ निवडत होती.

"आई, तुझ्या गडव्यात किती मावते?"

"गडवाभर."

"म्हंजे किती?"

"म्हंजे गडवाभर, संगे. आता गडव्यात काय बादलीभर मावीन?"

मी सुस्कारा सोडला, अशिक्षित माणसाशी बोलताना सोडावा तसा. शेजारच्या दूधवाल्याकडून मी लिटरचं माप आणलं होतं. गडवा पाण्यानं काठोकाठ भरला आणि मापात ओतला. माप बरोबर भरलं, थेंबही सांडला नाही. मला फार आनंद झाला. गडवा म्हणजे एक लिटर, लिटर म्हणजे एक किलो, हे तर शाळेतच पाठ केलेलं. तीन गडवे म्हणजे तीन किलो.

आई म्हणाली, "अवो, पण पाक मोजाचा आहे नं? तू पान्यानं कावून मोजून राहिली? डब्यात साखर आहे थोडी, करून पाय."

"साखर काहाले वाया घालू? पाणी काय अन् पाक काय, लिटर तं लिटरच राहते."

आई तांदळातले खडे वेचायला लागली. मी पुन्हा एकदा गडवा भरून खात्री करायला घेतली, तेवढ्यात बाबांनी डावा हात लांब करून गडव्याला असा फटका मारला की सगळं पाणी माझ्या वहीवर. त्यांच्या तोंडातून आवाज येत होता, घशातला, लांब ओढलेला. मला वाटलं त्यांना तहान लागलीय. मी चिडून म्हटलं, "बाबा, जरा दम धरा नं, देतो पाणी." आणि त्यांना चमच्यानं पाणी पाजायला लागले. त्यांनी तोंड फिरवलं. पाणी हनुवटीवरून गळ्यात गेलं. मी पुन्हा चमचा लावला, त्यांनी पुन्हा तोंड फिरवलं आणि डोळे मिटून घेतले. मी त्यांचा गळा पुसला, वही उन्हात वाळवली आणि नव्या कागदावर सुवाच्य अक्षरात लिहिलं: बुंदी पाच किलो, पाक तीन किलो. खाली रेघही मारली.

सोमवारी बाबांपाशी शेजारणीला बसवून, कागद वाचून दाखवायला आई मला सोबत घेऊन गेली. कारखाना म्हणजे पत्र्याची एक लांब शेड. आत शिरल्याबरोबर वाफेनं चष्म्यावर धुकं आलं. डोक्याला कापडी टोप्या घातलेल्या सहा-सात बायका होत्या, बहुतेक आसपासच्या खेड्यांतल्या छत्तीसगढी. त्यातली फुलेश्वरी आईची जवळची, ती आईला दीदी म्हणायची. आईनं पाकाची तार बघितली, कारण माझ्या कागदात त्याबद्दल काहीच नव्हतं. मग दुबेजींनी तिला बाजूला भिंतीशी उभं केलं. आठ घमेल्यांची बुंदी एकदम करायची होती. म्हणजे चाळीस किलो बुंदी, चोवीस किलो पाक. मी मोठ्यानं वाचलं. काट्यावर पातेलं ठेवून पाक ओतायला सुरुवात झाली, लाल आकडे सरसर वर चढले आणि चोवीसला थांबले.

आई भिंतीपासून एक पाऊल पुढे आली. तिनं पातेल्यात वाकून बघितलं. रोज इतके गडवे ओतणाऱ्या बाईला पातेलं किती भरतं हे काय सांगावं लागतं? "संगे, हे कमी दिसून राहिलं," ती हळूच म्हणाली. "लय कमी आहे."

दुबेजींनी विचारलं, "क्या बोल रही है?" सगळ्या बायका माझ्याकडे बघायला लागल्या. आणि मी म्हटलं, "आई, वजन बरोबर आहे. तुले त्यातलं समजत नाही."

हे वाक्य मी मराठीत बोलले, पण तिथल्या एकाही बाईला ते समजायचं राहिलं नाही. आईनं पुढे केलेला हात मागे घेतला, पदराला पुसला आणि ती पुन्हा भिंतीशी जाऊन उभी राहिली. पाक बुंदीवर पडला. फुलेश्वरी आणि दुसऱ्या दोघी उलथण्यांनी हलवत राहिल्या. बुंदीनं पाक बघता बघता पिऊन टाकला आणि ती कोरडीच राहिली. पहिला लाडू वळला तो तळहातावरच उकलला. दुसरा ताटात ठेवताना फुटला. फुलेश्वरीनं मूठ घट्ट दाबून चार लाडू कसेबसे ठेवले, आणि आमच्या डोळ्यांदेखत ते एकेक करून बसले. त्यावर आणखी पाक ओतून थोडंफार सावरता आलं असतं, पण परीक्षा कागदाची होती. चाळीस किलो बुंदीचा भुगा सगळ्यांच्या समोर परातीत पडून होता.

"किसने लिखा ये?" दुबेजींनी कागद हातात घेऊन विचारलं.

मी तोंड उघडायच्या आत आई म्हणाली, "मैंने बोला, इसने लिखा. मेरे से गलती हुआ." तिचं हिंदी असंच होतं. घरात अखंड टकळी चालवणारी मी, जिथे एक शब्द बोलायला हवा होता तिथे गप्प राहिले. दुबेजी आईला म्हणाले की उद्यापासून येऊ नका, हलवाई दोन-तीन दिवसांत येतोय. हे त्यांनी जमिनीकडे बघत सांगितलं. आईनं मान हलवली, आपला गडवा टॉवेलात गुंडाळला आणि फुलेश्वरीला सांगितलं की उतरलेला पाक झाकून ठेव, माश्या पडतील.

बसमध्ये आई खिडकीशी बसली होती, गडवा मांडीवर. आमच्या घराअलीकडच्या फाटकाशी उतरलो तेव्हा फाटक बंद होतं आणि मालगाडी जात होती. आधी कोळशाच्या वॅगनी गेल्या, काठाच्या वर ढीग आलेल्या. त्याच गाडीला मागे लोहपत्थराच्या, म्हणजे लोखंडाच्या खनिजाच्या, चार-सहा वॅगनी होत्या, त्या अर्ध्यासुद्धा भरलेल्या नव्हत्या. मी त्यांच्याकडे बघतच उभी राहिले. लहानपणी याच फाटकाशी मी बाबांना विचारलं होतं की ह्या वॅगनी रिकाम्या का पाठवतात, आणि ते हसून म्हणाले होते, बाई, ह्या रिकाम्या नाहीत, ह्या त्या कोळशाइतक्याच जड आहेत, डबा सारखा असला म्हणून वजन सारखं नसते. मला तेव्हा ते समजलं होतं. कॉलेजात जाऊन मी ते विसरले. पाण्यात साखर विरघळली की तेवढ्याच गडव्यात किती तरी जास्त वजन मावतं, हे काट्यावर आयुष्य काढलेल्या माणसाला उमगलं होतं, तो हातानं गडवा उडवून सांगत होता, आणि मी त्याला चमच्यानं पाणी पाजत होते.

"आई," मी म्हटलं, "माझं चुकलं."

"माहीत आहे मले."

"मंग तू तिथी कावून नाही बोलली?"

"बोलली तं होती," आई म्हणाली. मग फाटक उघडलं तशी चालता चालता म्हणाली, "अन् इतक्या लोकाईत तुले खोटी पाडू काय?"

घरी आल्यावर ती भिंतीकडे तोंड करून आडवी झाली. दिवसाउजेडी आईला आडवी झालेली मी त्याआधी कधी पाहिली नव्हती, तापातसुद्धा नाही. बाबा तिच्याकडे बघत होते, मग माझ्याकडे. त्यांना कसं सांगावं मला कळेना, पण त्यांना ते आमच्या पावलांवरूनच कळलं असावं. फळीवर काकांचं पत्र होतं. मी उगाच ते पुन्हा वाचलं. आपण मेलो तर बरं, असं मी त्या दिवशी पहिल्यांदा मनात आणलं, आणि ते नाटक नव्हतं. आपल्यामुळे आईचं काम गेलं आणि वर तिनं ते आपल्या अंगावर घेतलं, हे घेऊन मी त्या खिडकी नसलेल्या खोलीत कशी जगणार होते? मग बाबांनी बोट उचललं. गाडी जात नव्हती. ते गडव्याकडे बोट दाखवत होते.

मी कोपऱ्यावरच्या साहूच्या दुकानातून तराजू आणि वजनं मागून आणली. ह्या वेळी मी काही ठरवलं नाही, बाबा बोटानं दाखवतील तसं करत गेले. आधी रिकामा गडवा तोलायला लावला. मग रिकामं पातेलं. डब्यात होती ती सगळी साखर, एक किलो दोनशे ग्रॅम, पातेल्यात घातली, तिच्या अर्ध्या वजनाचं पाणी, आणि स्टो पेटवला. साखर उकळायला लागली तसा तो वास खोलीभर झाला. पाठमोरी आई थोडी हलली. मी उलथणं घेऊन उभीच होते. थोड्या वेळानं ती उठून आली.

"सरक. जाळून टाकशीन तो." तिनं उलथण्याचा थेंब अंगठ्यावर घेतला, बोट लावलं, सोडलं. पुन्हा थोडं थांबली. पुन्हा बघितलं. तार निघाली. "उतरव," ती म्हणाली.

मी पातेलं पाकासकट तोललं आणि पातेल्याचं वजन वजा केलं. अठराशे ग्रॅमचे एकशे ऐंशी ग्रॅम, म्हणजे दहावा हिस्सा, उडून गेले होते. मग गडवा गरम पाण्यानं विसळून, तिच्या रीतीनं, काठोकाठ भरला आणि तराजूत ठेवला. गडव्याचं वजन वजा जाता एक किलो साडेतीनशे ग्रॅम. तीन गडवे म्हणजे चार किलोच्या वर थोडंसं. आम्ही पाच किलो बुंदीला किलोभर पाक कमी दिला होता. बाबांनी डोळे मिटून हळूच मान हलवली, वजनकाट्यावर हिशेब जुळला की हलवायचे तशी. आईनं त्यांना चमच्यानं थोडा पाक चाटवला. ते ओठ चाटत राहिले, आणि ती हसली. त्या दिवसात तेवढंच.

मी लगेच नवा कागद लिहायला घेतला आणि लिहिता लिहिता माझं डोकं धावायला लागलं. फक्त पाकाचं वजन कशाला, पाक झाला की नाही तेही वजनावरून कळतं की. दहा किलो साखर, पाच किलो पाणी, कढईचं वजन वेगळं धरून पाक साडेतेरा किलो झाला की उतरवायचा. तार बघायची गरज नाही, बोट भाजायची गरज नाही. मी ते सगळं लिहिलं. आईनं विचारलं, "एवढं काय लिहून राहिली?" मी म्हटलं, "काहीच सुटलं नाही पाहिजे आता." आज स्मृति नगरच्या माझ्या स्वयंपाकघरात माझी मुलगी लहानसा इलेक्ट्रॉनिक काटा ठेवून गुलाबजामचा पाकसुद्धा ग्रॅमवर करते. छान होतो. मला तो काटा दिसला की मी बाहेर गॅलरीत जाऊन उभी राहते, आणि तिला वाटतं मम्मीला गरम होतं.

मंगळवारी मी एकटीच कुम्हारीला गेले. आईला यायला बंदी होती, आणि बाबांपाशी कोणी तरी हवंच होतं. दुबेजी शेडबाहेर खुर्ची टाकून बसले होते. मी हात जोडून सांगितलं की चूक माझी होती, आईनं कमी आहे म्हणून सांगितलं होतं, मीच तिला गप्प केलं. रडायचं नाही असं बसमध्ये ठरवलं होतं, पण रडलेच. त्यांना म्हटलं, सर, एक मौका द्या, हलवाई यायच्या आधी. ते बराच वेळ कागद वाचत राहिले. मग आत जाऊन त्यांनी बायकांना उभं केलं.

उकळती कढई मधूनमधून उतरवून काट्यावर ठेवत गेले. आकडा उतरत उतरत बरोबर जागेवर आला तेव्हा पाक उतरवला. तार कोणी बघितली नाही. फुलेश्वरीनं सवयीनं बोट पुढे केलं, तेव्हा दुबेजी म्हणाले, "रहने दे, कागज़ में है." बुंदीवर पाक पडला, बुंदी फुगली, चकाकली. पहिला लाडू ताटात ठेवला तो तसाच राहिला. मग दहा, मग पन्नास. मला इतका आनंद झाला की मी फुलेश्वरीचा हात धरला. दुबेजींनी एक लाडू मोडून खाल्ला आणि एक मला दिला. "दिमाग अच्छा लगाया बेटा. बहुत बढ़िया. अम्मा को मेरा नमस्ते बोलना."

"कल से आएगी ना सर, आई?"

ते माझ्याकडे जरा नवलानं बघायला लागले. "अब किसलिए? कागज़ तो आ गया." मग माझी समजूत घालावी तसं म्हणाले, "अरे, हलवाई को भी मना कर देंगे. अब किसी की ज़रूरत नहीं पड़ेगी."

"आपने बोला था, हेड बनाएँगे."

"वो तो जब हाथ का काम था, बेटा. सेठ अब एक आदमी ज़्यादा रखेगा क्या?"

मी कागद परत मागितला. माझ्या मागण्यात काही अर्थ नव्हता, हे मागतानाच कळत होतं. कागद काट्याच्या वरच्या भिंतीला खिळ्यानं अडकवून झाला होता, आणि त्यावरचे चार-पाच आकडे एव्हाना सगळ्या बायकांना पाठ झाले होते. फुलेश्वरीनं माझ्याकडे बघितलं नाही. ती लाडू वळत राहिली, झपाझप, एकसारखे. आदल्या दिवशीचा चुकीचा कागद होता तोवर कुठे तरी आईची गरज शिल्लक होती. मी बरोबर कागद नेऊन दिला आणि ती संपवली. तिच्या दोन बोटांत होतं तेवढं सगळं मी स्वच्छ अक्षरात लिहून देऊन आले होते, आणि ते तिनंच मला, स्टोपाशी उभी राहून, माझ्या हाती दिलं होतं.

घरी येईपर्यंत दुपार कलली होती. आई उंबऱ्याशी बसून बाबांचं धोतर धूत होती. मला बघून तिचे हात पाण्यात थांबले. मी चपला काढल्या, आणि पुढचं कसं सांगायचं त्याची जुळवाजुळव करत तशीच उभी राहिले. तिनं कामाचं विचारलं नाही.

"लाडू वळल्या गेले काय?"

"वळले."

"ताटात ठेवल्यावर बसले नाही नं?"

"नाही. एकही नाही फुटला."

आईचा चेहरा इतका मोकळा झाला की मला तिच्याकडे बघवेना. "मंग बरं झालं," ती म्हणाली. "काल त्या बिचाऱ्या बायाईची लय फजिती झाली होती." आणि ती पुन्हा धोतर पिळायला लागली. मी तिच्यासमोर खाली बसले, धोतराचं दुसरं टोक धरलं, आणि तिला बाकीचं सांगायला सुरुवात केली.